चेहरा नावाची ट्यूब

रघुवीर आरोंदेकर हे वास्तववादी चित्रकार होते. तसं त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावरच छापलेलं होतं, त्यामुळे कुणी शंका घ्यायचा प्रश्न नव्हता. वर नाव, खाली 'वास्तववादी व्यक्तिचित्रकार', त्याखाली गिरगावातल्या वाडीचा पत्ता आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'फोटोवरून तैलचित्र करून मिळेल'. वास्तव फोटोवरून करून मिळेल, असा एकूण अर्थ होत होता. पण पन्नास वर्षांत कुणाला तो खटकला नव्हता.

वय त्र्याहत्तर. तैलचित्रं सहाशेच्या वर. गिरगावपासून दादरपर्यंत अशी संस्था शोधून सापडली नसती जिच्या भिंतीवरून आरोंदेकरांचा एखादा दिवंगत अध्यक्ष खालच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत नव्हता. वाचनालयं, पतपेढ्या, ज्ञातिमंडळं, व्यायामशाळा, झालंच तर एक कुंभार मंडळ आणि दोन नाट्यसंस्था. माणूस गेला की संस्थेत दोन ठराव होत. एक दुखवट्याचा आणि दुसरा तैलचित्राचा. पहिल्यासाठी दोन मिनिटं उभं राहावं लागे. दुसऱ्यासाठी चिटणीस एक फोटो घेऊन आरोंदेकरांच्या खोलीचे तीन जिने चढून येत. फोटो बहुधा गणपतीतल्या ग्रुपमधला असे आणि दिवंगत अध्यक्ष मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआडून, नेमके डोळे मिटलेले असत. आरोंदेकर ते डोळे उघडून देत. म्हातारपणी गेलेला माणूस ऐन पन्नाशीत आणून ठेवत. कोट नसेल तर कोट घालत. तो कोट त्यांच्या हातात इतका बसला होता की चेहऱ्याआधी तोच रंगवून झालेला असे.

त्यांचे गुरू कुशाबा मास्तर. ठाकूरद्वारला एका माळ्यावर मास्तरांचा चित्रकलेचा वर्ग होता. विद्यार्थ्यांना ते पहिले सहा महिने एकच वांगं काढायला लावत. वांगं सुकत जाई आणि विद्यार्थीही. "डोळे अर्धे मिटा आणि बघा," मास्तर ओरडत. "तुम्हाला जे ठाऊक आहे ते मला नको. जे समोर आहे ते दाखवा." स्वतः मास्तरांनी हा नियम आयुष्यभर पाळला. मूळजी जेठा मार्केटातल्या एका कापडवाल्या शेठचं चित्र काढताना त्यांनी शेठच्या हनुवटीवरचा मस आणि डोळ्यांतला हिशेबी भाव असे दोन्ही चोख उतरवले. चित्र आठ दिवसांत परत आलं. मग एका वकिलांचं परत आलं. एका डॉक्टरांच्या बायकोचं तर दारातूनच परत आलं. शेवटच्या काळात मास्तरांच्या खोलीत अशी बारा-तेरा परत आलेली माणसं भिंतींना टेकून होती आणि मधे चटईवर मास्तर खोकत पडलेले असत. रघुवीर रोज त्यांना डबा पोचवायला जाई. मास्तरांवर त्याची अपार भक्ती होती. त्याने मास्तरांकडून हात घेतला आणि मास्तरांच्या खोलीकडे बघून अक्कल घेतली.

पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी पुरं केलं. "फोटोत जरा डार्क आलेत हो," असं पहिल्यांदा कुणी म्हटलं ते आरोंदेकरांना आता आठवत नव्हतं, पण त्यानंतर कुणी म्हटलं नाही असं झालं नव्हतं. कुणी सांगे, अण्णांचं उन्हातलं फिरणं फार, मूळचे ते गोरेच. कुणी म्हणे, कॅमेराच तसला होता. एका सूनबाईंनी तर सासऱ्यांच्या जन्मदाखल्यावर गौरवर्ण लिहिलंय असं सांगितलं होतं. सुरुवातीची दहा वर्षं आरोंदेकर चित्र दाखवत, ऐकून घेत आणि मग चेहरा एक छटा उजळ करत. नंतर त्यांनी हे दुहेरी काम वाचवलं. रिकाम्या ट्यूबा मिळतात. पांढरा, मातकट पिवळा यलो ऑकर आणि किंचित लाल असं घमेलंभर कालवून ते तो रंग मागच्या बाजूने ट्यूबांत भरत, शेपूट दुमडून बंद करत आणि वर पट्टी चिकटवून सुवाच्य अक्षरात लिहीत : 'चेहरा'. वर्षाला आठ ट्यूबा लागत. निम्म्या मध्य मुंबईचे पूर्वज या ट्यूबांतून बाहेर आले होते आणि सगळे एकाच घरातले, खात्यापित्या सुखवस्तू भावांसारखे दिसत.

आणि व्याख्यानाला बोलावलं की आरोंदेकर सांगत, "मी प्रामाणिक माणूस. समोर आहे ते काढतो. कुशाबा मास्तरांचा शिष्य ना."

तर अशा या प्रामाणिक माणसाकडे करी रोडहून संघर्ष गमरे आला. पंचेचाळिशीचा, बँकेत चांगल्या हुद्द्यावर, इस्त्रीचा शर्ट, बोलणं नेमकं. त्यांच्या जुन्या चाळीच्या जागी बावीस मजली इमारत उभी राहिली होती. तिच्यात दुसऱ्या मजल्यावर मुलांसाठी अभ्यासिका काढली होती आणि तिला संघर्षच्या वडलांचं, बुधाजी गमऱ्यांचं नाव द्यायचं रहिवाशांनी एकमताने ठरवलं होतं.

"पप्पा मिलमध्ये होते, रिंग खात्यात, सूतकताईला. स्वतः सातवी," संघर्ष म्हणाला. "पण चाळीत जिन्याखाली बल्ब लावून रोज संध्याकाळी पोरांना अभ्यासाला बसवायचे. शिकवायला यायचं नाही त्यांना. नुसते समोर बसून राहायचे, कोण उठतोय बघत. आमच्या मजल्यावरचे अकरा जण ग्रॅज्युएट झाले, काका."

"वा," आरोंदेकर म्हणाले. "फोटो?"

फोटो तीन होते. एक मिलचा गेटपास, कृष्णधवल, डाव्या गालावर कंपनीचा गोल शिक्का. दुसरा लग्नातला; स्टुडिओवाल्याने नवऱ्या मुलाला एवढी पावडर फासली होती की चेहऱ्यातून फक्त भुवया ओळखू येत. तिसरा रंगीत होता, नागपूरला दीक्षाभूमीवर काढलेला, पण त्यात बुधाजींच्या तोंडासमोर एका बाईने लेकरू उचलून धरलं होतं.

"तुम्हाला कसे आठवतात?"

"मी अकरा वर्षांचा होतो, काका, ते गेले तेव्हा. आठवतात म्हणजे..." संघर्षने हात हवेत फिरवला. "आईला विचारायला पाहिजे. तुम्ही मधे एकदा तिला दाखवाल का?"

"अपुरं चित्र मी दाखवत नाही," आरोंदेकर म्हणाले. "अनावरणालाच बघायचं. माझा नियम आहे." नियम त्यांनी एका चिटणीसाच्या सात सूचनांनंतर केला होता, पण सांगताना तो कुशाबा मास्तरांचा वाटे.

चित्र तीन आठवड्यांत झालं. कोट आधीच होता.

अनावरणाच्या रविवारी अभ्यासिका भरली होती. चित्रावर सॅटिनचा निळा पडदा, त्याला सोनेरी दोरी. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राचार्य आणले होते. त्यांनी दोरी ओढली आणि लगेच टाळ्या पडल्या. अनावरणाला टाळ्या दोरीला पडतात, चित्राला नव्हे. पडद्याआडून पंचांग निघालं असतं तरी तेवढ्याच पडल्या असत्या. प्राचार्यांनी माइक जवळ घेतला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "हुबेहूब! जणू आत्ता बोलतील!" त्यांनी बुधाजींना उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पहिल्या रांगेतून बकुळाबाई उठल्या. बुधाजींच्या बायको, संघर्षच्या आई. वय चौऱ्याहत्तर, पांढरी साडी, पाठीचा कणा ताठ. महापालिकेच्या प्रसूतिगृहात तीस वर्षं आयाचं काम केलेलं; लोकांची पोरं अदलाबदल होऊ नयेत म्हणून डोळे उघडे ठेवायची सवय. त्या चित्राजवळ गेल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

माइक चालू होता. शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं.

"आई, पप्पा," संघर्ष हळू म्हणाला.

"तुझे पप्पा? मग मला कसे नाय म्हायती?"

पोरं हसली. आरोंदेकर पुढे झाले. असल्या प्रसंगी काय बोलायचं ते त्यांना तोंडपाठ होतं. "वहिनी, तैलचित्र आहे ना, ते लांबून बघायचं असतं."

बकुळाबाई निमूट वळल्या, खुर्च्यांमधून वाट काढत पार दारापर्यंत गेल्या आणि तिथून त्यांनी पाहिलं.

"लांबून पण हे कोण?"

"ट्यूबलाइटचा प्रकाश पडतोय वर. चकाकी येते."

"चकाकी नाय ओ पेंटरसाहेब, माणूसच दुसरा आलाय. आणि कोट कोणाचाय? ह्यांच्याकडे कोट नव्हता. बाबासाहेबांना शोभायचा कोट. ह्यांनी घातलेला मी बघितला नाय कधी."

प्राचार्यांनी प्रसंग ओळखून अल्पोपाहाराची घोषणा केली. समोसे चांगले होते. आरोंदेकरांनी मात्र खाल्ले नाहीत. सहाशे चित्रांत त्यांना कुणी पेंटर म्हटलं नव्हतं. पेंटर म्हणजे दुकानाच्या पाट्या रंगवणारा. बाकी सगळं ते विसरले असते, असं त्यांनी टॅक्सीत स्वतःला तीनदा सांगितलं.

आठवड्याने संघर्षचा फोन आला. आवाजात संकोच होता.

"काका, आईने चित्र उलटं करून ठेवलंय. भिंतीकडे तोंड. पोरं मागच्या फळीकडे बघत अभ्यास करतात. कमिटीला सुचत नाही काय करायचं ते."

"हट्ट आहे," आरोंदेकर म्हणाले. "म्हातारपणी होतं असं."

"हट्ट नाही, काका. ती म्हणते, हे रोज बघितलं तर मला हेच आठवतील. अर्धे आत्ताच गेलेत, म्हणते. उरलेले हा माणूस घालवील." संघर्षने आवाज खाली आणला. "तिला खरंच भीती वाटते. काल रडली. ती कधी रडत नाही."

आरोंदेकरांनी फोन ठेवला आणि नलूताईंपुढे तक्रार मांडली. नलूताई त्यांच्या पत्नी. विमा कंपनीत छत्तीस वर्षं दावे तपासून निवृत्त झालेल्या. कुणाचाही कागद खरा की खोटा ते त्यांना वरवर बघून कळे आणि नवऱ्याचं बोलणं त्या तशाच नजरेने ऐकत. त्या मेथी निवडत होत्या.

"सहाशे चित्रं काढली मी," आरोंदेकर म्हणाले. "एकानेही उलटं लावलं नाही. आणि ही बाई म्हणते, माणूस दुसरा आलाय!"

"आला असेल."

"म्हणजे?"

नलूताईंनी हात पुसले आणि समोरच्या भिंतीकडे मान केली. तिथे त्यांच्या वडलांचं तैलचित्र होतं. जावयाने सासऱ्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला करून दिलेलं. गोरेपान, भरदार, कोटातले.

"माझे बाबा काळे होते," त्या म्हणाल्या. "शाळेत पोरी मला त्यांच्यावरून चिडवायच्या. मी घरी येऊन त्यांच्याच मांडीवर रडायचे आणि ते हसायचे. ते हसले की दात तेवढे दिसायचे. तुम्ही हे काढलंत तेव्हा आई एवढी खूश झाली की मी काही बोलले नाही. आता डोळे मिटले तरी हाच माणूस येतो. तेहतीस वर्षं मी ह्याच्याच पाया पडतेय. बाबांचा चेहरा मला आठवत नाही, अहो. हात आठवतात. तुम्ही हात काढले नव्हते म्हणून."

आरोंदेकर काहीतरी बोलायला गेले. आपल्या मोतीबिंदूमुळे रंग नीट दिसत नव्हते, असं सांगावं हे त्यांच्या मनात आलं होतं. पण ऑपरेशन गेल्या वर्षी झालं होतं आणि हे चित्र तेहतीस वर्षांपूर्वीचं होतं. त्यांना लाज वाटली. खरी, मान खाली जाईल अशी लाज, जी त्यांना मागे कधी वाटली ते सांगता आलं नसतं. नलूताई पुन्हा मेथी निवडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते रंगपेटी, चित्र टेकवायची घडीची घोडी आणि कोरा कॅनव्हास घेऊन करी रोडला गेले. एकोणिसावा मजला. दार बकुळाबाईंनी उघडलं.

"परत आलात? कशाला? ते आहे ते दुसऱ्या कोणाचा बाप म्हणून खपवा. चांगलं आहे तसं."

"वहिनी, मला परत काढायचंय. तुम्ही सांगाल तसं. तुमच्या समोर बसून."

"माझ्या सांगण्यावरून पोलीस काढतात चित्रं. चोरांची." पण त्या दारातून बाजूला झाल्या.

खिडकीशी घोडी लावून आरोंदेकर बसले. हात सवयीने पेटीतल्या त्या ट्यूबवर गेला. बकुळाबाई बघत होत्या.

"ह्याच्यात काय?"

"चेहरा," आरोंदेकरांच्या तोंडून निघून गेलं.

"कोणाचा?"

आरोंदेकरांनी ट्यूबवरची पट्टी अंगठ्याने झाकली. "सगळ्यांचाच," ते शेवटी म्हणाले.

"मग ठेवा आत."

त्यांनी ती आत ठेवली. बर्न्ट अंबरची ट्यूब काढली तर झाकण घट्ट बसलेलं. हा गडद तपकिरी रंग त्यांच्याकडे फक्त कोटांना आणि खुर्च्यांना लागे आणि गेलं वर्षभर कोटही कमीच झाले होते. बकुळाबाईंनी स्वयंपाकघरातून सांडशी आणली, ट्यूब त्यांच्या हातातून घेतली आणि एका झटक्यात झाकण फिरवलं.

मग कालवाकालव सुरू झाली. आरोंदेकर पॅलेटवर रंग करत, सुरीने कॅनव्हासच्या कडेला थोडा फासत आणि बकुळाबाई मान हलवत.

"हा नाय. हा माझा दीर. हापिसात होता, पंख्याखाली."

आरोंदेकरांनी पांढरा कमी केला.

"हा आमच्या शेजारचा कुशाबा. चांगला माणूस होता, पण हा नाय."

आपल्या मास्तरांचंच नाव ऐकून आरोंदेकर दचकले. पुन्हा कालवलं. पुन्हा फासलं. असे गमऱ्यांच्या नात्यातले आणि चाळीतले नऊ पुरुष कॅनव्हासच्या कडेला रांगेने उभे राहिले. पहिल्या दिवशी एवढंच झालं. बुधाजी आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बकुळाबाई म्हणाल्या, "निळा असतो काय तुमच्याकडे?"

"चेहऱ्यात?"

"पाळीवरनं आले की बल्बाखाली बसायचे ना पोरांसमोर, तेव्हा कपाळ निळं दिसायचं. काळ्या माणसाचं दिसतं तसं. तुम्हाला नाय म्हायती?"

आरोंदेकरांना म्हायती होतं. सगळं म्हायती होतं. एका वांग्यावर सहा महिने घालवलेला माणूस. वांग्याच्या काळ्यात निळा असतो, जांभळा असतो आणि जिथे उजेड पडतो तिथे जवळजवळ पांढरा, हे त्यांनी विसाव्या वर्षी काढून दाखवलं होतं आणि मास्तरांनी पाठीवर थाप मारली होती. त्यानंतर पन्नास वर्षं ते जे दिसे ते सोडून उरलेलं सगळं रंगवत आले होते. त्यांनी अंबरमध्ये निळा घातला.

बकुळाबाई पुढे वाकल्या. नुसती मान हलवली, पण या वेळी उभी.

पुढचे आठ दिवस आरोंदेकर रोज दुपारी जात राहिले. अपुरं चित्र न दाखवण्याचा नियम पार धुऊन निघाला, कारण बकुळाबाई त्यांच्या खांद्यामागेच स्टूल टाकून बसत. नाक त्यांना आठवत नव्हतं. तसं त्यांनी सरळ सांगितलं. "रंग आठवतो, आवाज आठवतो, चालणं आठवतं. नाक गेलं." मग गेटपासवरचं नाक भिंगाने बघून घेतलं. कान संघर्षचे घ्या, तेच आहेत, असं ठरलं. कोटाऐवजी अर्ध्या बाह्यांचा शर्ट आला, वरचं बटण तुटलेला. आरोंदेकर बटण लावणार होते. बकुळाबाई म्हणाल्या, "ते मी चार वेळा लावलं, त्यांनी चार वेळा तोडलं. राहू द्या."

एकदा संध्याकाळी संघर्ष लवकर घरी आला. बूट काढता काढता त्याची नजर चित्रावर गेली. थोडा वेळ बघून तो म्हणाला, "काका, जरा डार्क नाही वाटत?"

पन्नास वर्षं हे वाक्य कानावर पडलं की आरोंदेकरांचा हात आपोआप पांढऱ्याकडे जात आलेला होता. आजही तो अर्ध्यावर गेला. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"ते तसेच होते," ते म्हणाले.

"तू कुठला गोरा?" बकुळाबाई लेकाला म्हणाल्या. "आरसा हाय ना बाथरूममधी?"

संघर्ष ओशाळून हसला. कपडे बदलून आला आणि मोबाइल बाजूला ठेवून आईच्या स्टुलाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला.

आठव्या दुपारी चेहरा जवळपास झाला होता. संघर्ष कामावर होता आणि बकुळाबाई आत चहा टाकत होत्या. आतूनच त्यांनी सांगितलं, "घरी यायचे ना, तेव्हा कापूस असायचा अंगावर. भुवयांत, कानाच्या पाळीवर. झटकला तरी राहायचा."

आरोंदेकरांनी बारीक ब्रश घेतला आणि पांढरा काढला. आयुष्यभर त्यांनी पांढरा पोतीच्या पोती ओतला होता. आज टोकावर मोहरीएवढा पुरला. उजव्या भुवईत दोन तुसं, कानाच्या पाळीवर एक, केसांत थोडी. त्या शुभ्र कणांशेजारी सगळा काळा रंग एकदम जागेवर आला. डोळे बघायला लागले. रिंग खात्यातून सुटलेला, दमलेला, अजून कुणाला तरी अभ्यासाला बसवायचं बाकी असलेला एक माणूस खिडकीच्या उजेडात खरोखरच येऊन बसला होता. आरोंदेकर खुर्चीत मागे सरले. आपल्याला हे येत होतं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यात आनंद किती आणि पश्चात्ताप किती ते त्यांना वेगळं करता येईना. तरी आतून ते वाटही बघू लागले. बाई आता बाहेर येतील. काहीतरी म्हणतील. निदान हुबेहूब तरी. खरं कौतुक एकदा कानावर पडलं तर बरं, अशी लहान मुलासारखी हाव त्यांना सुटली.

बकुळाबाई दोन कप घेऊन बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. कप हातात तसेच. त्यांनी चित्राकडे पाहिलं. मग एक कप टीव्हीशेजारी ठेवला, दुसरा जमिनीवर, आणि दोन्ही हात कमरेवर घेतले.

"बघता काय असे?" त्या म्हणाल्या.

आरोंदेकरांना वाटलं, आपल्यालाच. त्यांनी तोंड उघडलं. पण बाईंची नजर त्यांच्यावर नव्हती.

"बघता काय? किती वेळा बोलली मी, दवाखान्यात चला म्हणून? खोकून खोकून उशी लाल झाली तरी म्हणे, कापूस गेलाय घशात, निघंल. बरं वाटतंय, बोललात मला. बरं वाटत होतं? मंगळवारी बोललात बरं वाटतंय आणि शुक्रवारी गेलात! शेवटी दवाखान्यात नेलं, तर मी डबा घेऊन आली आणि खाट रिकामी. त्या पोराला मी काय सांगायचं होतं, सांगा ना. जिन्याखाली पोरं येऊन बसली होती दप्तरं घेऊन, त्यांना काय सांगायचं होतं?" त्यांचा आवाज चढत चालला होता, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायची त्यांना सवड नव्हती. "चौतीस वर्षं झाली. आता येऊन बसलात, काय झालंच नाय असे."

यात चित्राबद्दल एक अक्षर नव्हतं. सहाशे चित्रांत कुणी आरोंदेकरांच्या चित्राला शिव्या घातल्या नव्हत्या, की त्याच्याकडे उत्तर मागितलं नव्हतं. ते ब्रश धरून अर्धवट उठले. "वहिनी," ते म्हणाले, "पाणी आणू का?"

बकुळाबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. घरात कुणी परका आहे हे आत्ता ध्यानात आल्यासारखं.

"तुम्ही जरा बाहेर थांबा, पेंटरसाहेब," त्या म्हणाल्या. "आमचं बोलणं चाललंय."

आरोंदेकर बाहेर गेले. दार त्यांनी आपल्या हाताने ओढून घेतलं आणि ते लिफ्टपाशी जाऊन उभे राहिले.